बॉइंकला लिमिट लावलं तरी सीपीयू १०० टक्केच? एकेक करून हे तपासा

बॉइंक (आपल्या मशीनचा रिकामा वेळ शास्त्रज्ञांच्या गणितांना देणारा फुकट प्रोग्रॅम) टाकलं, रोझेटा किंवा आइनस्टाइन अॅट होम असा एखादा संशोधनाचा प्रोजेक्ट जोडला, त्याचे टास्क म्हणजे कामाचे तुकडे यायला लागले, दोन दिवस मस्त वाटलं, आणि मग लॅपटॉपचा फॅन असा काही ओरडायला लागला की घरातले विचारायला लागले हे काय चालवलंयस. मग सेटिंगमध्ये जाऊन ५० टक्के केलं, तरी फरक नाही. हे मी स्वतःच्या तीन मशीनवर आणि मित्रमंडळींच्या कितीतरी मशीनवर निस्तरलंय, आणि दरवेळी कारण फिरून फिरून त्याच सात-आठ गोष्टींपैकी एक निघतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. फुकटात आणि दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टी आधी, स्क्रू ड्रायव्हर लागणाऱ्या शेवटी.

आधी लक्षणं, कारण "सीपीयू खातंय" एवढ्यावरून काहीच कळत नाही. तुमचं यातलं कुठलं ते बघा:

सेटिंगमध्ये ५० आहे पण टास्क मॅनेजरमध्ये सगळे कोअर भरलेले दिसतात.
फॅन सतत वर-खाली होतो, न्यूट्रलमध्ये गाडी ठेवून कोणीतरी उगाच रेस करतंय तसा.
सेटिंग बदललं की नीट चालतं, दुसऱ्या दिवशी परत जैसे थे.
बॉइंक बंद केलं तरी मशीन गरमच.
टास्क तासन्‌तास चालू दिसतो पण त्याची टक्केवारी पुढेच सरकत नाही.
सीपीयू अर्धाच वापरात दिसतो तरी माउस अडखळतो, व्हिडिओ तुटतो.
मशीन मध्येच आपोआप बंद पडतं. (हे असेल तर खाली वाचत बसू नका, आधी बॉइंक थांबवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.)

हा मुळात प्रॉब्लेम आहे का

सीपीयू १०० टक्के दिसणं हा बिघाड नाहीये. बॉइंकचे टास्क सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीवर चालतात, लिनक्सवाल्यांच्या भाषेत नाइस १९. म्हणजे तुमच्या ब्राउझरला किंवा एक्सेलला सीपीयू लागला की ऑपरेटिंग सिस्टिम बॉइंकला बाजूला करते आणि त्यांना आधी देते. त्यामुळे बऱ्याच डेस्कटॉपवर १०० टक्के दिसत असूनही काम करताना काहीही जाणवत नाही, आणि मशीन थंड असेल तर लिमिट लावायची गरजच नसते.

पण प्रायॉरिटी कमी असली म्हणून उष्णता कमी होत नाही, वीजबिल कमी होत नाही, आणि रॅम तर लागतेच. खरी भानगड या तिघांची असते. म्हणून आधी तापमान बघा, कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट टूल पुरतं, लिनक्सवर एलएम सेन्सर्स. लॅपटॉप चोवीस तास ९० अंशांच्या वर चालत असेल तर लिमिट लावायलाच हवं. ६५-७० वर बसला असेल आणि फक्त तो १०० चा आकडा डोळ्यात खुपत असेल, तर टास्क मॅनेजर बंद करा, झोप लागेल.

अजून एक, लिनक्सच्या टॉप या कमांडमध्ये (तिथला टास्क मॅनेजरच म्हणा) एक कोअर पूर्ण भरला की १०० दिसतं, म्हणजे चार टास्कची बेरीज ४०० होते. विंडोजमध्ये तोच एक टास्क आठ थ्रेडच्या (म्हणजे एकावेळी आठ कामं घेणाऱ्या) मशीनवर साधारण १२-१३ टक्के दिसतो. एकाने मला घाबरून फोन केला होता "अरे चारशे टक्के दाखवतंय", त्याची केस इथेच संपली.

खिडकी बंद केली म्हणजे बॉइंक बंद झालं असं नाही

हे सगळ्यात कॉमन. आपल्याला दिसतो तो बॉइंक मॅनेजर, तो फक्त रिमोट कंट्रोल आहे. खरं काम करणारा क्लायंट मागे वेगळा चालतो. कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं की फक्त रिमोट खाली ठेवला जातो, टीव्ही चालूच.

फाइल मेनूतून एक्झिट करा, तिथे चालू टास्क थांबवायचे का अशी टिक विचारतो, ती टिक नसेल तर मॅनेजर जातो आणि टास्क तसेच राहतात. विंडोजवर सर्व्हिस म्हणून इन्स्टॉल केलं असेल किंवा लिनक्सवर पॅकेजमधून टाकलं असेल तर क्लायंट मशीन सुरू झाल्याबरोबर, लॉगिनच्याही आधी, उठून बसतो. अशा वेळी सर्व्हिस थांबवावी लागते.

थोड्या वेळापुरतं थांबवायचं असेल तर एवढं काही करू नका, ट्रेमधल्या आयकॉनवर राइट क्लिक करून स्नूझ करा, एक तास गप्प बसतो.

दोन टक्केवाऱ्या, आणि बहुतेक जण चुकीची बदलतात

ऑप्शन्समधून कम्प्युटिंग प्रेफरन्सेस उघडा. (साधा व्ह्यू दिसत असेल तर आधी व्ह्यू मेनूतून अॅडव्हान्स्ड व्ह्यू घ्या, नाहीतर अर्ध्या गोष्टी सापडणारच नाहीत.) तिथे दोन रकाने एकाखाली एक आहेत. पहिला म्हणतो एकूण सीपीयूपैकी जास्तीत जास्त इतके टक्के वापरा. दुसरा म्हणतो सीपीयूच्या वेळेपैकी जास्तीत जास्त इतके टक्के वापरा. दिसायला सारखे, वागायला पूर्ण वेगळे.

पहिला रकाना टास्कची संख्या ठरवतो. आठ थ्रेडचं मशीन, ५० टक्के, म्हणजे एकावेळी चार टास्क. इथे सीपीयू म्हणजे थ्रेड, खरे कोअर नव्हे, हायपरथ्रेडिंगवाल्या (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणाऱ्या) चार कोअरच्या प्रोसेसरला बॉइंक आठ सीपीयू समजतो. अपूर्णांक आला तर खाली उतरवतो, आठाचे ३० टक्के म्हणजे २.४, तर दोनच चालवणार. आणि एकाच्या खाली जात नाही, त्यामुळे चार थ्रेडच्या मशीनवर २५ आणि १० मध्ये काही फरक नाही, उगाच आकडा कमी करत बसू नका.

दुसरा रकाना टास्क चालू-बंद-चालू-बंद करत राहतो. ५० टाकलं तर सगळे टास्क क्षणभर पूर्ण जोरात, क्षणभर पूर्ण थांबलेले, आणि असंच दिवसभर. सरासरी ५० येते खरी, पण टास्क मॅनेजरचा आलेख करवतीच्या दातांसारखा होतो, तापमान वर-खाली नाचतं आणि त्यामागे फॅन. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी हा रकाना ४० वर ठेवून आठवडाभर फॅन खराब झालाय म्हणून शोधत होतो, दुकानातून नवा फॅन आणायच्या बेतात होतो. दुसरा रकाना १०० केला, पहिला ५० केला, आणि पुढच्या दोन मिनिटांत आवाज एकसारखा सूं... असा बारीक झाला. तेव्हापासून माझा नियम एकच, वेळेचा रकाना १०० वर, आणि जे काही कमी करायचं ते संख्येच्या रकान्यात. एका टास्कवर आणूनही मशीन तापतंच असेल तेव्हाच वेळेच्या रकान्याला हात लावा.

नवीन व्हर्जनमध्ये हे दोन्ही रकाने दोनदा येतात, एकदा मशीन वापरात असताना आणि एकदा नसताना. एकाच ठिकाणी ५० केलं आणि दुसरीकडे १०० राहिलं तर तुम्ही चहाला उठलात की फॅन सुरू होणार. दोन्ही बघा.

आकडा बदलल्यावर टास्कच्या यादीत नजर टाका. आठपैकी चार टास्क 'वेटिंग टू रन' झाले की लिमिट लागू झालं. एवढं साधं चेक कोणी करत नाही.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका की टास्क निम्मे केले की तापमान निम्म्याने उतरेल. टर्बो नावाचा प्रकार असतो, कमी कोअर कामात असले की प्रोसेसर उरलेल्यांचा वेग वाढवतो, त्यामुळे आठावरून चारवर आलं तरी सुरुवातीला फार फरक वाटत नाही. आणखी खाली या, चारावरून तीन, दोन, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं थांबून आकडा बघा.

कुठलं सेटिंग खरं चालतंय

"काल बदललं होतं, आज परत १००" याचं उत्तर जवळपास नेहमी इथेच असतं. बॉइंकचं सेटिंग दोन जागी असतं. एक प्रोजेक्टच्या वेबसाइटवर तुमच्या अकाउंटमध्ये, दुसरं मशीनवर मॅनेजरमधून केलेलं. मशीनवरचं असेल तर तेच चालतं. नसेल तर वेबवरचं, आणि तुम्ही चार प्रोजेक्टला जोडलेले असाल तर ज्या साइटवर सगळ्यात शेवटी सेव्ह केलं तिथलं सेटिंग बाकीच्यांवरही पसरतं. त्यात वेबवर घर, शाळा, ऑफिस असे वेगळे गट असतात, मशीन एका गटात आणि तुम्ही बदलता दुसऱ्या गटाचं, मग कसं लागू होणार. अकाउंट मॅनेजर (सगळे प्रोजेक्ट एकाच ठिकाणाहून सांभाळणारी वेबसाइट) वापरत असाल तर तोही मध्ये नाक खुपसतो.

शिवाय वेबवर बदललेलं मशीनला आपोआप त्याच क्षणी कळत नाही, क्लायंट त्या प्रोजेक्टशी बोलेल तेव्हा कळतं. प्रोजेक्टवर क्लिक करून अपडेट दाबलं की लगेच.

ओळखायचं कसं? प्रेफरन्सेसची खिडकी उघडली की अगदी वरच लिहिलेलं असतं की लोकल सेटिंग चालू आहे की वेबचं. आणि खात्री हवी असेल तर कंट्रोल, शिफ्ट, ई दाबून इव्हेंट लॉग उघडा, क्लायंट सुरू होतानाच्या ओळींमध्ये सेटिंग कुठून आलं ते नावासकट असतं आणि लिमिट लागलं असेल तर 'मॅक्स सीपीयूज यूज्ड' आणि पुढे आकडा. तिथे ४ दिसलं तर ४. खिडकीत काय लिहिलंय यापेक्षा मी या ओळीवर विश्वास ठेवतो.

एकच मशीन असेल तर मॅनेजरमधून लोकल सेट करा आणि वेबचा नाद सोडा. सात-आठ मशीन असतील तर उलट, सगळीकडचं लोकल काढून टाका आणि वेबवर एकदाच लावा. अर्धं इकडे अर्धं तिकडे केलं की तुम्हालाच आठवत नाही कुठे काय ठेवलंय.

अॅक्टिव्हिटी मेनू

छोटी गोष्ट. तिथे 'रन ऑलवेज' निवडलेलं असेल तर बॅटरीवर थांब, मी काम करत असताना थांब, रात्री दहानंतरच चाल, हे सगळे नियम धाब्यावर. 'रन बेस्ड ऑन प्रेफरन्सेस' करा. कोणीतरी "जास्त क्रेडिट मिळतं" (क्रेडिट म्हणजे केलेल्या कामाचे गुण) म्हणून ऑलवेज करून ठेवतं आणि विसरतं.

टास्क चालतो पण पुढे जात नाही

हे ज्यांनी 'मशीन वापरात असताना थांब' ही टिक लावलीय त्यांच्यासाठी. वापरात म्हणजे शेवटच्या तीन मिनिटांत माउस किंवा कीबोर्ड हलला, हा आकडा बदलता येतो. आता होतं काय, तुम्ही पाच मिनिटांनी एकदा माउस हलवता. टास्क थांबतो, आणि 'थांबलेले टास्क मेमरीत ठेवा' ही टिक नसेल तर तो रॅममधून पूर्ण बाहेर काढला जातो. परत सुरू होताना तो शेवटच्या चेकपॉइंटपासून सुरू होतो, म्हणजे शेवटचं सेव्ह झालं तिथून. काही प्रोजेक्टचे चेकपॉइंट मिनिटाला होतात, काहींचे अर्ध्या-पाऊण तासाने. पाऊण तासवाला टास्क दर पाच मिनिटांनी उडवला तर तो जन्मात पूर्ण होणार नाही, पण वीज मात्र तेवढीच जळणार. यासारखा वैताग नाही, सीपीयू राबतोय आणि हाती शून्य.

रॅम पुरेशी असेल तर ती टिक लावा. टास्कच्या प्रॉपर्टीजमध्ये शेवटचा चेकपॉइंट केव्हाचा ते दिसतं, तिथून अंदाज घ्या. रॅम कमी असेल तर टिक लावायच्या ऐवजी टास्कची संख्या एक-दोनवर आणा आणि वापरात असतानाही चालू द्या.

त्याच्या शेजारीच अजून एक आहे, बाकीचे प्रोग्रॅम इतक्या टक्क्यांवर सीपीयू वापरत असतील तर थांब, मूळ आकडा २५. अँटिव्हायरस स्कॅन सुरू झालं की बॉइंक थांबतं, संपलं की सुरू. लॉगमध्ये 'सीपीयू इज बिझी' म्हणून ओळींची रांग लागली असेल तर हे. मी हा आकडा वाढवतो किंवा सरळ काढून टाकतो, प्रायॉरिटी खालची आहे म्हटल्यावर याची फारशी गरज पडत नाही. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी थांबवायचं असेल तर ऑप्शन्समध्येच एक्सक्लुझिव्ह अॅप्लिकेशन्स आहे, त्यात त्या प्रोग्रॅमचं नाव टाका, तो उघडला की बॉइंक गप्प.

सीपीयू अर्धा, तरी स्क्रीन अडखळते

कारण जीपीयू टास्क, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर चालणारे टास्क. खालच्या प्रायॉरिटीची सोय सीपीयूपुरती आहे, ग्राफिक्स कार्डवर तसं काही नीट चालत नाही, त्यामुळे कार्ड टास्कमध्ये गुंतलं की स्क्रीन रंगवायलाही रांगेत थांबावं लागतं. शिवाय जीपीयू टास्कला स्वतःला सीपीयू लागतोच, काही प्रोजेक्टचे टास्क एनव्हिडियाच्या कार्डवर एक अख्खा थ्रेड अडवून बसतात, नुसतं "झालं का, झालं का" विचारत. म्हणून चारचं लिमिट असूनही पाच थ्रेड भरलेले दिसू शकतात. वापरात असताना जीपीयू थांबव ही वेगळी टिक आहे ती लावा, किंवा अॅक्टिव्हिटी मेनूतून जीपीयू काही दिवस पूर्ण बंद ठेवून फरक बघा. लॅपटॉपमध्ये दोघांचा हीटसिंक (उष्णता बाहेर काढणारा धातूचा भाग) बहुतेक एकच असतो, जीपीयू बंद केला की सीपीयूही थंड होतो.

तरीही नाही, मग फायलींत डोकवा

इथून पुढे जरा जपून. बॉइंकच्या डेटा फोल्डरमध्ये (विंडोजवर ते लपवलेल्या प्रोग्रॅम डेटा फोल्डरमध्ये असतं) सीसी कॉन्फिग नावाची एक्सएमएल फाइल असते. त्यात एनसीपीयूज (सीपीयूची संख्या) असा टॅग असेल आणि त्यात १६ लिहिलेलं असेल, तर चार थ्रेडच्या मशीनवरही बॉइंक १६ आहेत असं समजून हिशोब करतो. पूर्वी कधीतरी कुठल्यातरी प्रयोगासाठी टाकलेला असतो. तो उणे १ केला की खरी संख्या धरली जाते.

दुसरं, मल्टिथ्रेड टास्क. मिल्कीवे अॅट होमच्या एन बॉडीसारखे टास्क एकच असून कितीतरी थ्रेड घेतात, यादीत एकच नाव दिसतं आणि लोक म्हणतात एकच तर चालू आहे मग एवढं का. टास्कच्या नावापुढे किती सीपीयू लिहिलंय ते वाचा. एखाद्या प्रोजेक्टपुरतं लिमिट हवं असेल तर त्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये अॅप कॉन्फिग फाइल टाकून मॅक्स कॉन्करंट (एकावेळी जास्तीत जास्त किती टास्क) ठरवता येतं. फाइल बदलण्याआधी कॉपी काढून ठेवा आणि बदलल्यावर मेनूतून कॉन्फिग परत वाचायला लावा. टॅग वगैरे वाचून डोकं गरगरत असेल तर ही पायरी सोडून द्या, पहिल्या रकान्याने दहातल्या आठ जणांचं काम होतं.

लिमिट कमी केल्यावर कामाचा साठाही (आधीच मागवून ठेवलेले टास्क) कमी करा हां. दहा दिवसांचं काम भरून ठेवलं आणि टास्क आठाचे दोन केले तर डेडलाइन चुकणार आणि केलेलं फुकट. साठ्याचं मूळ सेटिंग ०.१ दिवसाचं काम अधिक जादाचं ०.५ दिवस असं आहे, तेवढं पुरतं.

बॉइंक निर्दोष असेल तर

बॉइंक पूर्ण थांबवून, सर्व्हिससकट, पाच मिनिटं थांबा. तरी सीपीयू भरलेला असेल तर चोर दुसरा आहे. फोल्डिंग अॅट होम (बॉइंकसारखाच पण वेगळा प्रोग्रॅम) शेजारी चालू आहे का? ते बॉइंकचं ऐकत नाही, त्याचं लिमिट त्याच्यात वेगळं लावायचं. अँटिव्हायरस बॉइंकचं डेटा फोल्डर सारखं तपासतोय का? ते फोल्डर अपवादात टाका. आणि तुम्ही कधीच बॉइंक टाकलं नव्हतं तरी दिसतंय, किंवा अनोळखी नावाची प्रोसेस टास्क मॅनेजर उघडलं की गायब होते, बंद केलं की परत फॅन सुरू, तर हा कॉइन मायनर (तुमच्या मशीनवर चोरून क्रिप्टो नाणी काढणारा प्रोग्रॅम) असू शकतो, तिथे लिमिटचा विषय संपला, मशीन नेटवरून काढा आणि नीट साफ करून घ्या. ऑफिसचं मशीन असेल तर स्वतः काही न करता आयटीवाल्यांना सांगा. ऑफिसच्या मशीनवर न विचारता बॉइंक टाकलं असेल तर तेही आधीच सांगून टाका, नंतर सापडण्यापेक्षा बरं.

बाय द वे, पाच दिवसांनी एकदा बॉइंक स्वतःची बेंचमार्क चाचणी (मशीनचा वेग मोजायची) घेतं, तेवढ्यापुरता फॅन उठतो आणि बसतो. त्याच्यामागे लागू नका.

हार्डवेअर

दोन टास्कवरही ९० च्या वर जात असेल तर सॉफ्टवेअर सोडा. आधी फुकटातलं, विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ची ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटतं, पण बऱ्याच मशीनवर त्याने टर्बो बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं. वेग थोडा जातो, टास्क जरा उशिरा संपतात, बस. (काही लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो.)

मग लॅपटॉप गादीवरून किंवा उशीवरून उचलून टेबलवर ठेवा, मागची बाजू उचललेली. हवेच्या जाळीत टॉर्च मारून बघा, धुळीचा नमदा बसलेला असतो. डेस्कटॉपचं झाकण मशीन बंद करून, प्लग काढून उघडता येतं, फॅनचं पातं बोटाने धरून हवेचा फवारा मारा, पातं गरगर फिरू देऊ नका.

इथे थांबायचं. लॅपटॉपची थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली) बदलणं व्हिडिओत सोपं दिसतं, मी एकदा केलं आणि कीबोर्डची रिबन तोडून बसलो, पेस्टच्या पैशात झालं असतं ते कीबोर्डच्या पैशात गेलं. वॉरंटी असेल तर उघडूच नका. पुढचं काहीही दिसलं तर बॉइंक बंद, मशीन बंद, आणि सरळ टेक्निशियनकडे: टचपॅड वर आलाय किंवा खालचं झाकण फुगलंय (बॅटरी फुगलीय, चार्जरही काढा आणि दाबून बसवायला जाऊ नका), जळका वास, चार्जरची पिन हाताला सहन होत नाही इतकी गरम, फॅन अजिबात फिरत नाही किंवा खरखरतो, लोड आला की डेस्कटॉप फटकन बंद होतो. शेवटचं बहुतेक वेळा पॉवर सप्लाय किंवा निसटलेला कूलर असतो. पॉवर सप्लायचा डबा प्लग काढल्यावरही आत करंट धरून ठेवतो, तो घरी उघडायचा नाही.

दुरुस्त होऊन आल्यावर बॉइंक लगेच पूर्वीच्या लिमिटवर सोडू नका. एका टास्कवर अर्धा तास चालवा, तापमान बघा, मग दोन.